तळमजल्याची राखण

कुणाला खरं वाटायचं नाही, पण त्या वर्षी त्या शहरातल्या झाडून सगळ्या माणसांचे जबडे पुढे आले होते. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढे. पण आले होते. बत्तीशीकाका हे शपथेवर सांगत, आणि त्यांच्या शपथेला त्या गल्लीत कुणी फुटक्या कवडीची किंमत देत नसे. याच माणसाने पूर्वी छातीठोकपणे सांगितलं होतं की आपण केलेली एक कवळी मालक झोपला की पेल्यातून उठते आणि फडताळातले अक्रोड फोडून ठेवते. जबड्यांचं मात्र खरं होतं. कवळी करायची तर आधी माणसाच्या बोडक्या हिरड्यांवर मऊ मेणाची पट्टी ठेवायची आणि म्हणायचं, चावा. माणूस चावतो, मेणावर खूण उठते, आणि त्या खुणेवर पुढचा सगळा संसार उभा राहतो. घाबरलेला माणूस आपल्या रोजच्या जागी चावत नाही. त्याचा जबडा नकळत पुढे सरकतो, अंगावर धावून आलेल्या कुत्र्याचा सरकतो तसा. त्या चाव्यावर दात बेतले तर ते घाबरलेल्या माणसाला बसतात, आणि तोच माणूस घरी जाऊन जरा निवांत झाला की तोंडात खडखडतात. म्हणून काका थापा मारत. ती त्यांची करमणूक आहे असं लोकांना वाटे. ती कामाची रीत होती. मेण मऊ आहे तोवर थाप सुरू करायची, माणसाला हसवायचं, हसता हसता जबडा स्वतःला विसरला आणि आपल्या जागी गेला की हळूच म्हणायचं, आता चावा. उभ्या हयातीत खरा चावा त्यांनी असाच मिळवला होता, खोटं बोलून. त्या वर्षी मात्र थापा लागू पडेनात. लोक हसत, पण हसतानाही जबडा पुढेच.

सेनापती दुकानात आले त्या दुपारी बाहेर ऊन होतं आणि रस्त्यावर कुणी नव्हतं. सेनापती हे नाव काकांनीच ठेवलेलं. माणूस जन्मभर एका बँकेच्या दारात पहारेकरी म्हणून उभा राहिला होता, निवृत्तीनंतरही पाठ टेकून बसायला विसरला होता, आणि सरकार पडल्यापासून त्याने तो आणि काका राहत त्या इमारतीच्या बंदोबस्ताची सूत्रं न विचारता हातात घेतली होती. खालच्या फाटकाला साखळी, जिन्यात शिट्टी, प्रत्येक मजल्याची पाळी. खालची कवळी मोडली म्हणून आले होते. खुर्चीत मागे रेलायला सांगितलं तेव्हा कमरेला काहीतरी टोचलं म्हणून त्यांनी ते काढलं आणि शेजारच्या फळीवर ठेवलं. त्या फळीवर गिऱ्हाइकांच्या तोंडाचे प्लॅस्टरचे साचे ओळीने मांडलेले असत. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंचा जबडा आणि औषधवाल्याच्या आईचा जबडा यांच्या मधल्या जागेत ते पिस्तूल बसलं. काळं, तेलकट, आखूड. ओळखीच्या घरी जावं आणि बैठकीत कुणी परका बसलेला असावा, त्याची ओळख कुणी करून देऊ नये, तसं.

"भरलेलं आहे?" काकांनी विचारलं.

"नाहीतर काय शोभेला आणलंय?"

"इथे आजवर दात सोडून धोक्याचं काही नव्हतं."

"थट्टा पुरे, काका. हे तुमच्यासाठीच आणलंय. माझं घरी आहे."

"मला? अहो, परवाना लागतो त्याला."

"कुठल्या सरकारचा हवाय? सकाळच्या की संध्याकाळच्या?"

काका हसले. थाप मारावी आणि समोरच्याने परतफेड करावी, हे त्यांना आवडे. मग त्यांनी मेण गरम केलं आणि आपल्या पोतडीतली सगळ्यात जुनी, हमखास थाप काढली, ती एका न्यायाधीशाची, ज्याच्या कवळीने त्याच्या तोंडून परस्पर निकाल दिला. सेनापती हसले. चावले. जबडा पुढेच. काकांनी मेण सोडवून उजेडात धरलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपलेही दात आवळलेले आहेत. सेनापती तोंड पुसत बोलत होते, आणि थट्टा नाही म्हटल्यावर ते शहाण्यासारखं बोलत. तळमजला तुमचा. खिडकी रस्त्यावर. फाटकाची साखळी म्हणजे नुसतं मनाचं समाधान, चार जणांनी खांदा लावला की गेली. दोन गल्ल्या पलीकडे घड्याळवाल्याच्या घरात शिरले, तेव्हा चौकीत फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. घड्याळवाल्याच्या बायकोला केसांना धरून रस्त्यावर आणलं. का? कुणी म्हणतं तो त्यांच्या बाजूचा होता, कुणी म्हणतं यांच्या. "त्याच्याकडे हे असतं ना काका, तर एक हवेत झाडली असती आणि सगळे पांगले असते. चालवावं लागत नाही हो. आहे एवढं कळलं की पुरतं. आणि तुमच्या घरात पुरुष माणूस म्हणजे तुम्ही एकटे. छकी आहे." काकांच्या लेकीबद्दलचं हे शेवटचं वाक्य त्यांनी खालच्या आवाजात, मायेने म्हटलं. काकांनी मान हलवली. राहू दे इथे, म्हणाले, बघतो. सेनापती गेल्यावर त्यांनी ते कोरड्या प्लॅस्टरच्या पिशवीमागे ठेवून कपाटाला कुलूप घातलं, आणि हाताला लागलेलं तेल किती धुतलं तरी बोटांत राहिलं. वास ओळखीचा होता. कशाचा, ते त्यांना लगेच आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

शिवणयंत्राला घालतात ते तेल. छकीच्या यंत्राचं पायडल कुरकुरत होतं आणि तिने नवऱ्याला सांगितलं होतं, आज तेल आणलंत तरच जेवायला वाढीन. लटकं भांडण. तिचं मन आईच्या वळणाचं, तोंड बापाच्या वळणाचं, बोलायला लागली की समोरचा हसत सुटायचा. जावई जमिनी मोजणारा माणूस, नकाशात रमणारा, घरात मात्र वाट चुकणारा. तो हसत चपला घालून गेला. चौकात दोन मोर्चे समोरासमोर आले होते आणि तिथेच तेलाचं दुकान. गोळी कुणाची ते ठरलं नाही. दोन्ही बाजूंनी त्याला आपला म्हटलं, दोन्ही बाजूंनी त्याची तसबीर आपल्या फलकावर लावली, आणि काही दिवस तो चौकाच्या दोन टोकांना स्वतःकडेच बघत उभा होता. पोलिसांनी त्याच्या खिशातल्या वस्तू एका कागदी पाकिटात घालून दिल्या. त्यात तेलाची बाटली होती, बूच लावलेली, एक थेंबही न सांडलेली. छकी माहेरी आली ती यंत्रासकट. यंत्र खिडकीपाशी ठेवलं, त्यावर चादर घातली, आणि ती चादर तिने पुन्हा उचलली नाही.

घरी जाताना काकांना रस्ता नेहमीपेक्षा लांब वाटला. दुकानांची शटरं खाली. भिंतीवरच्या घोषणांवर दुसऱ्या घोषणा, त्यांच्यावर तिसऱ्या, रंगाचा थर इतका जाड झालेला की नखाने खरवडला तर गेलं सगळं वर्ष सालीसारखं सुटून आलं असतं. ते चालता चालता ते पिस्तूल घरात ठेवून बघत होते. मनातल्या मनात, एकेका जागी. डाळीच्या डब्यात. गादीखाली. न्हाणीघराच्या माळ्यावर, जुन्या बादलीत. त्यांच्या बायकोच्या ट्रंकेत, साड्यांच्या तळाशी. आणि प्रत्येक वेळी ते ठेवून वळत तोवर छकी मागे उभी असे, सहा-सात वर्षांची, दोन वेण्या, पुढचे दात पडलेले, हात पुढे केलेला. कारण लपवलेलं शोधायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. बायको गेल्यानंतरच्या दिवसांत पोरगी रडायची थांबेना, तेव्हा त्यांनी हा खेळ काढला. कामावरून येताना काहीतरी आणायचं, पेन्सिल, रिबीन, एखादी गोळी, आणि घरात दडवायचं. मग थाप मारायची. "आज घरात एक चिमुकला हत्ती शिरलाय, त्याला अंधार आवडतो आणि त्याला मिठाची भीती वाटते." तिने लगेच ओळखायचं. मिठाच्या बरणीपासून सगळ्यात लांबचा अंधारा कोपरा. पुढे पुढे तिला थाप ऐकायचीही गरज उरली नाही. ती नुसतं त्यांच्या तोंडाकडे बघे आणि त्या जागी जाऊन उभी राही. त्या दोन खोल्यांत अशी वीतभर जागा नव्हती की जिथे बापाने ठेवलेलं लेकीला सापडणार नाही.

आणि सापडलं तर काय, हा प्रश्न ते मनातसुद्धा पुरा विचारत नसत. अर्ध्यावर आणून सोडून देत, जसं दुखऱ्या दाढेजवळ जीभ नेतो आणि मागे घेतो. एका दुपारी ते लवकर घरी आले होते. दार नुसतं ओढलेलं. छकी गच्चीवर गेली म्हणून शेजारून कळलं. ते जिना चढले, गुडघे कुरकुरत होते. ती कठड्याशी उभी होती, पाठमोरी, पोट कठड्याला टेकलेलं, आणि वारा तिच्या ओढणीला बाहेरच्या बाजूला खेचत होता. काकांनी हाक मारली नाही. हाक मारली तर दचकेल. ते तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि खालच्या रस्त्याकडे बघत, सहज, म्हणाले की समोरच्या इमारतीतल्या त्या टकल्याला आपण केसांची कवळी करून देणार आहोत. ती बऱ्याच वेळाने वळली. "कपडे वाळत घालायला आले होते, बाबा." दोरीवर कपडा नव्हता. बादली नव्हती. हात कोरडे होते. लोकांच्या तोंडातलं खोटं मेणावरून वाचणाऱ्या माणसाने ते खोटं मुकाट पदरात घेतलं आणि म्हणाला, चल, चहा टाक. नंतर त्यांनी गच्चीच्या दाराला कुलूप घालून घेतलं, पाण्याच्या टाकीची सबब सांगून. त्यावर दोघांपैकी कुणी कधी बोललं नाही. ती जेवत होती, केर काढत होती, विचारलं तर उत्तर देत होती. बरी आहे, काका लोकांना सांगत. सावरतेय. आणि हे सांगताना आपला आवाज थाप मारतानाच्या आवाजासारखा लागतो, हे त्यांना ऐकू येई.

तर एका बाजूला ते दार होतं, रस्त्यावरचं, ज्याला चार जणांनी खांदा लावला की जाणार होतं. त्या दारातून येणाऱ्यांची तोंडं काकांना ओळखीची वाटत, आणि भीती त्याचीच होती, कारण त्यांतल्या काहींच्या बापांच्या कवळ्या त्यांनीच केल्या होत्या. ते दार तुटलं आणि आपल्या हातात काही नसलं तर? घड्याळवाला आता बोलत नाही म्हणतात. नुसता बसतो. बायको वाचली तरी बसतो. आपण रिकाम्या हाताने उभे होतो, हे माणसाच्या आत कुठेतरी जाऊन बसतं आणि मग त्याला उठू देत नाही. दुसऱ्या बाजूला दार नव्हतंच. मधे नुसता पडदा होता, आणि पडद्यापलीकडे छकीची खाट. रात्री ती झोपलेली नाही हे त्यांना श्वासावरून कळे, आणि ते जागे आहेत हे तिला. बाहेरचे येतील किंवा येणार नाहीत. ती मात्र रोज घरात होती.

मग एका संध्याकाळी ते आले. वीज गेलेली होती, अजून पुरतं अंधारलं नव्हतं. आधी आवाज आला तो पावलांचा नव्हे, पत्र्यांचा. बंद दुकानांच्या शटरांवरून कुणी काठ्या फिरवत येत होतं. वरून सेनापतींची शिट्टी वाजली, एकदा, आणि बंद पडली. काकांनी जेवणाचं टेबल दाराशी सरकवलं. छकीने न सांगता दुसरी बाजू धरली. मग दोघं भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली. गल्लीच्या तोंडाशी काच फुटली. कुणीतरी मोठ्याने हसलं, आणि ते हसणं अगदी साधं होतं, लग्नघरात हसतात तसं. काकांच्या हाताला काम हवं होतं म्हणून ते जमीन चाचपत होते.

"बाबा," छकी कुजबुजली, "सेनापतींनी दिलेलं ते आणलंत का घरी?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्या जिन्याला माहीत आहे. आणलंत का?"

"दुकानात आहे."

"अच्छा," ती म्हणाली.

नुसतं अच्छा. त्यात सुटका होती की निराशा, आणि निराशा असली तर कशाची? त्या बाहेरच्यांना अडवायला काही नाही याची, की दुसरी? काका अंधारात तिच्या तोंडाकडे बघत राहिले. थोडा उजेड असता आणि तिचा जबडा दिसला असता, तर कळलं असतं. हजारो माणसांची तोंडं बोटांनी वाचली, आणि पोटच्या पोरीचं तोंड हातभर अंतरावर असून वाचता येत नव्हतं. काठ्या दारावरून गेल्या. खिडकीच्या गजांवरून एक काठी खडखडत गेली, यंत्रावरची चादर हलल्यासारखी झाली, आणि आवाज पुढे सरकला. ते कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेले. त्याचं दुकान फोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं आणि सगळे आपापल्या जागी बसून राहिले. काकाही. औषधवाल्याच्या आईचा जबडा आपल्या दुकानातल्या फळीवर आहे, एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं. बऱ्याच वेळाने छकी उठली आणि टेबल मागे ओढायला लागली. "पुढच्या वेळी थांबतील," ती म्हणाली. काकांनी दुसरी बाजू धरली.

सकाळी दुकान उघडून त्यांनी कपाटातलं ते बाहेर काढलं आणि समोर ठेवून बसले. पुढच्या वेळी थांबतील. हे ती खरं बोलली होती, आणि हेच सेनापती बोलत होते. मग हे घरी न्यावं आणि रात्रंदिवस कमरेला बांधून हिंडावं? झोपेत? आंघोळीला जाताना? गोळ्या वेगळ्या ठेवाव्यात? पण वेगळ्या ठेवलेल्या गोळ्या दार तुटताना कोण शोधणार, आणि शोधण्यात त्या घरात पटाईत कोण? त्यांनी ते हातात घेतलं, भिंतीवरच्या खिळ्यावर धरलं. हात स्थिर होता, लाजिरवाणा स्थिर. गुलाबी हिरडीवर सुळ्याचा कोन साधणारा हात. त्याने नेम चुकवला नसता. एक साधा उपाय होता. घरी जायचं, तिच्यासमोर बसायचं आणि विचारायचं, पोरी, हे घरात आणलं तर तू काय करशील? काकांनी ते वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. फळीवरचे सगळे जबडे ऐकत होते. विचारलं तर ती उत्तर देईल, आणि ते खोटं असलं तर आपल्याला कळेल. खरं असलं तरी कळेल. तोंडातून निघालेलं उत्तर कुठल्या माळ्यावर ठेवणार? मग त्यांनी पिस्तूल फडक्यात गुंडाळलं, दुकान बंद केलं, इमारतीचा जिना चढून सेनापतींच्या दाराशी गेले आणि ते त्यांच्या हातात देऊन लगेच खाली आले. घड्याळवाल्यासारखं बसायची वेळ आली तर बसू, एवढाच विचार जिना उतरताना त्यांनी पुरा केला.

पण सेनापती असे सोडणारे नव्हते. संध्याकाळी वीज नाही म्हणून सगळी जिन्यात बसलेली असताना ते वरून खाली आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "काका, तळमजला उघडा टाकलात तुम्ही. हा तुमच्या एकट्याचा प्रश्न नाही. खालून शिरले की वरच्यांचं काय? मला कारण कळलं पाहिजे."

शिकवणीवाल्या बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "खरंच काका, काल माझं काळीज नुसतं लटलटत होतं. तुमच्याकडे ते आहे म्हणून तर मी जरा धीर धरून होते."

औषधवाला पायरीवर बसला होता, हाताला पट्टी. त्याने पट्टीचं सुटलेलं टोक दातांनी आवळलं.

"कारण आहे," काका म्हणाले. "सांगायला लाज वाटते, एवढंच. हात थरथरतो माझा. म्हातारपण. परवा दुकानात सराव करायला गेलो. समोर लाकडी ठोकळ्यावर एक जुनी कवळी ठेवली, नेम धरला, चाप ओढला. हात हलला, पण नशीब, गोळी गेली सरळ. आणि कवळीने काय करावं? आ केला आणि गोळी दातात धरली."

बाई फिसकन हसल्या.

"हसा, हसा. हसतील त्यांचे दात दिसतील, आणि ते मीच केलेत. धरली म्हणतो ना. पाठच्या दाढेखाली घातली, दोनदा चावली, चव आवडली नाही म्हणून थुंकली. ही एवढी चपटी. आता बोला, माझ्या कामाला कुणी नावं ठेवील? पण पिस्तुलाने तो धसकाच घेतला. दुसरी गोळी बाहेर यायलाच तयार नाही. किती समजावलं. म्हटलं, बयो, ही शाकाहारी कवळी आहे. ऐकेना. म्हणून सेनापतींकडे माहेरी पाठवलं."

आता वरच्या पायऱ्यांवरही हसू पसरलं. औषधवाल्याचा खांदा हलला. सेनापती रागावून राहायचा प्रयत्न करत होते, पण त्यांच्या मिशा ऐकत नव्हत्या. "म्हणजे हात थरथरतो म्हणून," ते म्हणाले. "मग तसं सांगायचं ना. मी तुमच्या दाराशी खाट टाकतो रात्रीची. थरथरत्या हातात कशाला द्यायचं ते."

"तेच तर," काका म्हणाले.

छकी सगळ्यात खालच्या पायरीवर, कठड्याला टेकून बसली होती. ती हसली नव्हती. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि किती वेळापासून बघत होती हे काकांना आता कळलं. त्यांनी घाईघाईने पुढचं काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"बाबांचा हात थरथरत नाही," ती म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता, पण वरच्या पायरीपर्यंत ऐकू गेला. "आज दुपारी शर्टाचं बटण लावताना मला सुईत दोरा ओवून दिला तो यांनीच. पहिल्या खेपेला." ती सेनापतींकडे नव्हे, काकांकडेच बघत बोलत होती. "खोटं आहे हे. माझ्यामुळे परत केलंत तुम्ही ते."

काकांनी थाप शोधली. उभ्या हयातीत पहिल्यांदा एकही सापडेना.

"बरं केलंत, बाबा," छकी म्हणाली.